नर्सिंगचे शिक्षण, कर्ज आणि पगार : रायगड किनाऱ्यावरचा ताळेबंद

बारावीनंतर नर्सिंगला जाणाऱ्या मुलीसाठी किती कर्ज काढावे, हा प्रश्न रायगडच्या किनारपट्टीवर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत दरवर्षी निकालाच्या दिवसांत पुढे येतो. उत्तर शोधताना घरातल्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच आकडा असतो : सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरचा पगार. तो आकडा खरा आहे. मात्र शिक्षण संपल्यावरची पहिली दोन-चार वर्षे, म्हणजे नेमके कर्जाचे हप्ते सुरू होतात तेव्हा, तो फार थोड्या जणींच्या वाट्याला येतो. कर्जाचा निर्णय एका पगारावर बेतला जातो आणि फेड दुसऱ्याच पगारातून करावी लागते. या विषयातली बहुतेक अडचण इथून सुरू होते.

महाराष्ट्रात नर्सिंगमध्ये शिरायच्या मुख्य वाटा तीन. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो केलेली मुलगी आरोग्य सेविका होते आणि तिचे काम प्रामुख्याने उपकेंद्रात, गावपातळीवर चालते. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. पूर्वी ती साडेतीन वर्षांची होती. बी.एससी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाची. पहिल्या दोन अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. जीएनएमला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. म्हसळा, तळा, मुरूडच्या आतल्या गावांतून बारावी कला करणाऱ्या मुलींसाठी हा फरक निर्णायक असतो. त्यांच्यापुढे पदवी की पदविका असा पर्यायच नसतो.

जीएनएम आणि बी.एससी. या दोन्ही वाटांच्या शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असते आणि ती दोघींची एकाच दर्जाची असते : नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत प्रसाविका. अमेरिकेतही असेच आहे. तिथे कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली मुलगी आणि विद्यापीठातून चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी एकच परवाना परीक्षा देतात. त्यामुळे कमी खर्चाच्या शिक्षणाने तोच परवाना मिळत असेल तर जास्त कर्ज कशासाठी काढायचे, हा वाद तिथे जुना आहे. आपल्याकडे त्या दोन वर्षांच्या पदवीच्या सर्वांत जवळचे शिक्षण म्हणजे जीएनएम, आणि तोच प्रश्न इथेही तितक्याच नेटाने विचारायला हवा.

कारण सरकारी नोकरीत या दोन शिक्षणांची सुरुवातीची किंमत सारखीच आहे. राज्य शासनाच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका या पदासाठी जीएनएम आणि बी.एससी. दोन्ही चालतात आणि दोघींना सातव्या वेतन आयोगाची तीच श्रेणी मिळते : ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. जिल्हा परिषदेकडील आरोग्य सेविकेची श्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये आहे. २०२५ साली महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याच्या वर गेलेला असल्याने नव्याने लागलेल्या अधिपरिचारिकेचा पगार घरभाडे भत्ता न धरताही ५३,००० रुपयांच्या पुढे जातो. त्यातून निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि व्यवसाय कर वजा होतो, तरी किनाऱ्यावरच्या गावात हा मोठा पगार आहे. पण चौथ्या वर्षाचे शुल्क आणि त्यावरचे व्याज भरल्याबद्दल पदवीधर मुलीला या पदावर एक रुपयाही जादा मिळत नाही.

पदवीचा फायदा इतरत्र दिसतो. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग अधिकाऱ्याचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. तिथे बी.एससी. झालेली मुलगी थेट परीक्षेला बसू शकते. जीएनएम झालेलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. उपकेंद्रांवर नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या पदालाही बी.एससी. नर्सिंग चालते. ते पद कंत्राटी असले तरी दरमहा २५,००० रुपये आणि कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत मोबदला, अशी त्याची रचना आहे. पुढे एम.एससी. करून शिकवण्याच्या क्षेत्रात जायचे असेल तर पदवीवाचून गत्यंतर नाही. जीएनएम झालेली मुलगी नोंदणीनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एससी. करून या वाटेवर येऊ शकते. तिला एकूण पाच वर्षे लागतात, पण मधल्या काळात कमावता येते आणि शिक्षणाचा खर्च दोन टप्प्यांत विभागला जातो.

सरकारी कायम नोकरी हा झाला पगाराचा एक थर. दुसरा थर कंत्राटी नोकरीचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली स्टाफ नर्सला महाराष्ट्रात दरमहा २०,००० रुपये आणि एएनएमला १८,००० रुपये अशा मानधनाच्या जाहिराती वर्षानुवर्षे निघत आल्या आहेत. काम तेच, वॉर्ड तोच, नाईट ड्युटीही तीच. पगार निम्म्याहून कमी. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना रिक्त पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. परंतु नव्याने लागणाऱ्या मुलीला त्यासाठी आधी दहा वर्षे कंत्राटावर काढावी लागणार, आणि दहा वर्षे ही जवळपास कर्जाच्या फेडीची मुदत आहे.

तिसरा थर खासगी रुग्णालयांचा. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाड इथली बहुतेक खासगी रुग्णालये दहा-वीस-तीस खाटांची, एका डॉक्टरच्या नावाने चालणारी आहेत. तिथला नव्या नर्सचा पगार कंत्राटी मानधनाच्याही खाली राहतो. अशा ठिकाणी अर्हताप्राप्त नर्सच्या जोडीला, कित्येकदा तिच्या जागीही, सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या किंवा कामावरच शिकलेल्या मुली असतात. त्यामुळे पगाराची पातळी त्यांच्या मानाने ठरते. पनवेल, कामोठे, खारघरच्या मोठ्या रुग्णालयांत आणि मुंबईत पगार बराच बरा असतो, पण खोलीभाडे, डबा आणि प्रवास यांत वाढीव पगारातला मोठा हिस्सा जातो. मांडव्याहून बोटीने रोज ये-जा करणे कार्यालयीन नोकरदाराला एक वेळ जमेल. रात्रपाळी असणाऱ्या नर्सला ते शक्य नाही. थळची आरसीएफ, डोलवी, नागोठणे आणि तळोजा या औद्योगिक पट्ट्यांत कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत नर्सच्या जागा असतात आणि त्या चांगल्या मानल्या जातात, पण त्या मोजक्याच असून अनुभवी व्यक्तीलाच मिळतात.

या तीन थरांमध्ये नशिबाचा भाग मोठा, आणि त्याहून मोठा भाग भरतीच्या वेळापत्रकाचा. सार्वजनिक आरोग्य विभागाची ऑक्टोबर २०२१ मधली गट क आणि गट ड ची परीक्षा पेपरफुटीमुळे रद्द झाली. त्यानंतर याच विभागाची १०,९४९ पदांची मोठी जाहिरात आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. २०२१ साली उत्तीर्ण झालेल्या मुलीने या दोन वर्षांत काय करायचे, याचे उत्तर बँकेच्या कागदावर आधीच छापलेले होते : अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत, आणि तेराव्या महिन्यापासून हप्ता. बँकेची मुदत भरतीच्या जाहिरातीसाठी थांबत नाही. म्हणून कर्जाचा हिशेब करताना सरकारी पगार धरणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक.

आता खर्च. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या प्रशिक्षण केंद्रासारख्या शासकीय ठिकाणी शुल्क नाममात्र असते, विद्यावेतन मिळते आणि शिकणे प्रत्यक्ष मोठ्या रुग्णालयात होते. अलिबागला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाल्याने इथल्या वॉर्डांत शिकायला मिळणारी प्रकरणे वाढलीच आहेत. खर्च आणि पगार यांचा मेळ पाहिला तर जिल्ह्यात याहून चांगला सौदा नाही. अडचण एवढीच, की जागा थोड्या आणि उमेदवार राज्यभरातून.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील पदवीचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक संस्थेचा मंजूर आकडा प्रसिद्ध करते. प्रवेशाच्या टेबलावर सांगितला जाणारा आकडा त्याच्याशी ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे बहुतेक पालक खर्च करत नाहीत. कामोठ्याच्या एमजीएमसारखी अभिमत विद्यापीठे वेगळ्या चौकटीत येतात. तिथले शुल्क आणि राज्याच्या सवलतींचे नियम निराळे असतात.

शुल्काबाहेरचा खर्च कुणी आधी सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच गणवेशाचे दोन-तीन जोड, एप्रन, पांढरे बूट, सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ, स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजायचे यंत्र, जर्नल आणि रेकॉर्ड बुके, वसतिगृहाची अनामत, मेसचे आगाऊ पैसे आणि रुग्णालयात नेणाऱ्या बसचे भाडे असा सगळा भार पडतो. पुढे दरवर्षी परीक्षा शुल्क, सामुदायिक आरोग्याच्या कामासाठी खेड्यात मुक्काम, शेवटी नोंदणीचे शुल्क. श्रीवर्धनची मुलगी अलिबागला शिकली तरी अंतर रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. तिला वसतिगृह टाळता येत नाही. म्हणजे शुल्क पूर्ण माफ झाले तरी खर्चाचा जवळपास अर्धा भाग उरतो, आणि याच भागासाठी घरातले दागिने गहाण पडतात.

शुल्कमाफीची बाजू मात्र अलीकडे खरोखर सुधारली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत १०० टक्के सवलत देणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी निघाला. त्याआधी ती ५० टक्के होती. किनाऱ्यावरचे आगरी आणि कुणबी समाज इतर मागास वर्गात येतात, सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात, कातकरी अनुसूचित जमातीत. त्या प्रवर्गांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीच्या योजना आधीपासून आहेत. अट एकच, पण तिच्यावर सगळे अवलंबून : प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश किंवा अभिमत आणि खासगी विद्यापीठातला प्रवेश या सवलतीत बसत नाही. सीईटीचा अर्ज राहून गेला म्हणून थेट संस्थेत पैसे भरून घेतलेला प्रवेश हा त्यामुळे चार वर्षांच्या संपूर्ण शुल्काएवढा महाग पडतो. जीएनएमच्या बाबतीत कोणत्या संस्थेला कोणती योजना लागू आहे, हे महाडीबीटी पोर्टलवर संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव पाहूनच ठरवावे. संस्थेच्या कारकुनाच्या तोंडी आश्वासनावर नव्हे.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज. बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना ४ लाखांपर्यंत तारण मागत नाही आणि पतहमी योजनेच्या आधारामुळे साडेसात लाखांपर्यंतही तारण किंवा तिसऱ्याचा जामीन लागू नये, अशी तिची रचना आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षणकाळात आणि पुढच्या एका वर्षात सरळव्याज आकारले जाते, ते मुद्दलात मिळवले जाते आणि मग जास्तीत जास्त १५ वर्षांचे हप्ते बांधले जातात. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहिल्यास साधारणपणे एक टक्का सवलत मिळते आणि मुलींसाठी अनेक बँका व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी ठेवतात. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून या सवलतीच्या काळातले संपूर्ण व्याज माफ होऊ शकते. नर्सिंगच्या पदवीसाठी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असली की ती अट पुरी होते. इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळाचे अल्पव्याजी कर्ज हेही पर्याय आहेत. म्हसळा, श्रीवर्धन आणि मुरूडच्या कोकणी मुस्लीम कुटुंबांना दुसरा विशेष उपयोगी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेचा गाजावाजा झाला, पण ती राष्ट्रीय क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे. जिल्ह्यातल्या लहान खासगी नर्सिंग महाविद्यालयांना तिचा उपयोग नाही.

व्यवहारात मात्र कितीतरी घरे बँकेपर्यंत पोचतच नाहीत. शाखेत दोन-तीन चकरा झाल्या, साहेबांनी पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले, तोवर शुल्काची तारीख आली, की सोने गहाण पडते किंवा पतपेढीचे कर्ज उचलले जाते. त्या कर्जाला ना शिक्षणकाळाची सवलत, ना व्याज अनुदान. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू. नर्सिंगच्या कर्जाची चर्चा नेहमी बँकेच्या आकड्यांवर होते आणि हे कर्ज मोजलेच जात नाही. शाखा अर्ज घेत नसेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे, म्हणजे रायगडात बँक ऑफ इंडियाच्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाकडे, लेखी तक्रार करता येते.

आता प्रत्यक्ष हिशेब. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. व्याजदर सर्वत्र १० टक्के.

समजा, एका मुलीने खासगी महाविद्यालयात, शुल्कमाफीशिवाय, बी.एससी. नर्सिंगला प्रवेश घेतला आणि चार वर्षांत दरवर्षी १,२५,००० प्रमाणे ५ लाखांचे कर्ज उचलले. चार वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष धरून सरळव्याज होते १,७५,००० रुपये. फेड सुरू होते तेव्हा अंगावर ६,७५,००० रुपये असतात. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता येतो सुमारे ८,९२० रुपये, पंधरा वर्षांनी ७,२५० च्या आसपास. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर बँकेला एकूण १३ लाखांच्या वर जातात. दहा वर्षांत पावणेअकरा लाखांच्या आत. घेतले होते ५ लाख.

हा ८,९२० चा हप्ता तिन्ही पगारांवर ठेवून पाहावा. सरकारी अधिपरिचारिकेच्या ५३,००० मध्ये तो सहाव्या हिश्श्याच्या आसपास बसतो, त्रास नाही. कंत्राटी २०,००० मध्ये तो ४५ टक्के होतो. लहान खासगी रुग्णालयात १४,००० पगार धरला तर जवळपास दोन तृतीयांश. आणि हीच मुलगी नर्सिंगला न जाता बारावीनंतर गावातल्या एखाद्या दुकानात, किंवा काशीद-नागावच्या रिसॉर्टमध्ये ९,००० रुपयांवर लागली असती असे धरले, तर नर्सिंगमुळे दरमहा जास्तीचे मिळाले ५,००० आणि हप्ता गेला ८,९२०. वर चार वर्षांचा बुडालेला पगार, ९,००० च्या दराने ४,३२,००० रुपये, तो वेगळाच. या तिसऱ्या परिस्थितीत शिक्षणाने घर पुढे जात नाही, मागे पडते. नर्सिंग वाईट म्हणून असे होत नाही. कर्ज आणि पगार यांची गाठ चुकीच्या ठिकाणी पडली म्हणून होते.

केंद्राचे व्याज अनुदान मिळाले तर याच मुलीवर फेडीच्या वेळी ५ लाखच राहतात आणि दहा वर्षांचा हप्ता ६,६१० वर येतो. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याची किंमत अशी महिन्याला २,३०० रुपये, दहा वर्षे. शुल्कमाफी मिळाली आणि वसतिगृहाच्या खर्चापैकी केवळ दीड लाख कर्ज काढले, तर व्याजासह २,०२,५०० होतात आणि दहा वर्षांचा हप्ता २,६८० च्या आत राहतो. हा हप्ता १४,००० च्या पगारातही निघतो.

खासगी जीएनएम, तीन वर्षांत मिळून २ लाख कर्ज : व्याज ६०,०००, फेडीला २,६०,०००, दहा वर्षांचा हप्ता ३,४४० च्या आसपास, सात वर्षांचा ४,३२०. कंत्राटी पगारावर दहा वर्षांचा हप्ता सहाव्या ते पाचव्या हिश्श्यात बसतो. लहान रुग्णालयाच्या पगारात ओढाताण होते, पण बुडायची वेळ येत नाही. नोंदणी मिळते ती त्याच दर्जाची. म्हणून शुल्कमाफीविना बी.एससी. आणि स्वस्त जीएनएम यांत निवड करायची असेल, तर निव्वळ फेडीच्या दृष्टीने जीएनएम सरस ठरते. नोकरी लागल्यावर पोस्ट बेसिकची वाट खुली राहते. शासकीय सेवेतल्या परिचारिकांना तर त्यासाठी प्रतिनियुक्तीवर जाता येते.

हप्त्याचा विचार पगाराच्या टक्क्यांत संपत नाही, कारण किनाऱ्यावरची मिळकत वर्षभर सारखी नसते. शिक्षण चालू असताना वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे घरूनच जातात आणि नव्या वर्षाचे शुल्क नेमके पावसाळ्यात भरायचे येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कोळीवाड्यात त्या दोन महिन्यांत पैसा येत नाही, उलट होडी आणि जाळ्यांच्या डागडुजीवर जातो. बागायतदारांची स्थिती निराळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, चौल या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षे लागतात. ज्या कुटुंबांनी पूर्वी सुपारीच्या पैशावर मुले शिकवली, त्यांना या काळात त्याच शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले. बँकेचा हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेला पडतो. या घरांचा पैसा हंगामाने येतो. मुलीचा पहिला पगार सुरू होईपर्यंत ही तफावत घरानेच पेलायची असते.

आणखी एक बाब, जी घरात मोठ्याने बोलली जात नाही. कर्ज मुलीच्या नावावर, सहकर्जदार वडील. शिक्षण संपून दोन वर्षांत लग्न ठरते. हप्ता पुढे कुणी भरायचा? सासरी पगार हवा असतो, माहेरचे कर्ज नको असते. मग वडील साठीपर्यंत हप्ते भरत राहतात, किंवा मुलगी पगारातला एक भाग गुपचूप पाठवत राहते. लग्नानंतर रात्रपाळी नको म्हणून नोकरी सुटली तर मिळकत थांबते आणि कर्ज तसेच राहते. मुलींच्या शिक्षणाला विरोध करण्यासाठी ही गोष्ट वापरली जाते, ते साफ चूक आहे. उलट कर्ज लहान ठेवण्याचे आणि लग्नाच्या बोलणीत हप्त्याचा विषय उघडपणे काढण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

संस्थेची निवड हाही कर्जाच्याच हिशेबाचा भाग. ज्या महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय खाटांनी भरलेले आहे तिथली मुलगी कामाला तयार होऊन बाहेर पडते. जिथे रुग्णालय कागदावर आणि रुग्ण दुसऱ्या गावात, तिथली मुलगी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते पण चांगली रुग्णालये तिला घेत नाहीत. प्रवेशाआधी वॉर्डात एक फेरी मारावी, खाटांवर रुग्ण आहेत का पाहावे, प्रसूतिकक्षाची नोंदवही कितपत भरते ते विचारावे, आणि गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या मुली कुठे लागल्या हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद या दोन्हींची मान्यता चालू वर्षासाठी आहे की नाही, हेही पाहावे. तिच्याविना बँक कर्ज देत नाही आणि परदेशाची दारे बंद होतात.

परदेशाचे आकर्षण किनाऱ्यावर जुने आहे; श्रीवर्धन-म्हसळ्याचे आखाती देशांशी नाते दोन-तीन पिढ्यांचे. नर्सिंगचे मोठे कर्ज पुष्कळदा याच आशेवर काढले जाते. तिथले पगार पाहता फेड दोन-तीन वर्षांत होऊ शकते, हे खरे. पण आखाती देशांना बहुधा दोन वर्षांचा अनुभव आणि परवाना परीक्षा लागते. ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा. जर्मनीला जर्मन भाषेची बी-टू पातळी, जिच्यासाठी वर्षभराचा अभ्यास लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. एजंटाने नोंदणीकृत असल्याशिवाय पैसे मागणे बेकायदा आहे आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तेव्हा परदेशी पगार ही तिसऱ्या-चौथ्या वर्षाची शक्यता आहे. पहिल्या हप्त्याची तरतूद नव्हे.

या साऱ्या हिशेबातली सर्वांत लवचीक गोष्ट खरे तर कर्ज नाही, पगार आहे. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली : २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य शासनाइतका पगार, १०० हून अधिक खाटांत त्याहून जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० खाटांखालील रुग्णालयातही किमान २०,००० रुपये. केंद्राने त्या शिफारशी राज्यांकडे पाठवल्या. त्या २०,००० च्या आकड्याला जवळपास दहा वर्षे झाली, आणि रायगडच्या लहान रुग्णालयांतल्या कितीतरी नर्स आजही त्याच्या खाली काम करतात. राज्याच्या स्वतःच्या कंत्राटी स्टाफ नर्सचे मानधन त्या किमान मर्यादेवरच अडकले आहे.

केरळने ही वाट आधी तुडवली. तिथे २०११-१२ मध्ये कर्जाच्या ओझ्याखालच्या खासगी नर्स संपावर गेल्या. राज्याने २०१७ मध्ये शैक्षणिक कर्जफेडीला मदत करणारी योजना आणली आणि एप्रिल २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांतील नर्ससाठी किमान २०,००० रुपये वेतन अधिसूचित केले. रुग्णालय मालकांनी न्यायालयाचे दरवाजे ठोठावले, तरी अधिसूचना निघाली. वेतन वाढवता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

तोपर्यंत किनाऱ्यावरच्या कुटुंबाने धरायचे माप असे : फेडीचा हप्ता २०,००० च्या कंत्राटी पगाराच्या पाचव्या हिश्श्यात, म्हणजे ४,००० मध्ये, बसला पाहिजे. दहा वर्षांच्या मुदतीने एवढ्या हप्त्यात व्याज धरून सुमारे ३ लाखांचे कर्ज फिटते. शासकीय केंद्राची जागा मिळाली तर याचा विचारही करावा लागत नाही. केंद्रीय प्रक्रियेतून शुल्कमाफीसह बी.एससी. मिळाली तर ती घ्यावी. दोन्ही नसेल तर चांगल्या रुग्णालयाची स्वस्त जीएनएम. व्यवस्थापन कोट्यातली, पूर्ण कर्जावरची बी.एससी. या मापात कुठेच बसत नाही आणि ती घेऊ नये. महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या शिफारशींप्रमाणे खासगी रुग्णालयांतील नर्सचे किमान वेतन अधिसूचित करावे आणि सुरुवात स्वतःच्या कंत्राटी परिचारिकांपासून करावी.